वेठ, इर्जिक, रोजगार हमी आणि श्रमदान : जालन्याच्या मातीतील सामाईक श्रमाचा इतिहास

१/
कुदळ तीच, माती तीच, ऊनही तेच. काम लादलेले असेल तर माणूस संध्याकाळी खचून घरी येतो. तेच काम त्याने चार शेजाऱ्यांबरोबर आपणहून हाती घेतले असेल, तर तो दमून येतो खरा, पण त्याला झोप गाढ लागते. सामुदायिक बागेत स्वयंसेवा केल्याने मन प्रसन्न राहते, असे आज जगभर सांगितले जाते. या सांगण्यात कितपत तथ्य आहे आणि ते कोणत्या अटींवर खरे ठरते, हे पाहण्यासाठी जालना जिल्ह्याइतकी बोलकी भूमी क्वचित सापडेल. 🧵

२/
जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी या जिल्ह्यांतील भाग एकत्र करून अस्तित्वात आला. त्याआधी हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्यात, मग १९५६ पर्यंत स्वतंत्र भारतातील हैदराबाद राज्यात आणि पुढे मुंबई राज्यात होता. पाऊस बेताचा, तोही लहरी. दोन चांगल्या वर्षांमागे एक कोरडे वर्ष येणे इथे नवलाचे नाही. अशा ठिकाणी बाग लावणे सोपे, राखणे अवघड. म्हणून इथल्या बागेचा इतिहास हा मुळात पाण्याचा आणि पाण्यासाठी एकत्र आलेल्या हातांचा इतिहास आहे.

३/
या जिल्ह्याचे बागेशी असलेले एक जुने नाते फारसे कोणाच्या ध्यानात नसते. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. १६०८ साली जन्मलेल्या या सत्पुरुषाचा 'दासबोध' घरोघरी पोहोचला. त्यांचे 'बागप्रकरण' मात्र अभ्यासकांपुरतेच राहिले. या छोट्या रचनेत काटेरी झुडपांपासून फळझाडे, फुलझाडे, वेली, भाज्या आणि औषधी वनस्पतींपर्यंत नावांची अखंड मालिका आहे. सतराव्या शतकातील मराठी मुलखाच्या वनस्पतिवैभवाचा हा मोलाचा दस्तऐवज होय.

४/
ती यादी वाचताना एक गोष्ट सहज लक्षात येते. इतक्या प्रकारची झाडे एका घराच्या परसात मावणारी नाहीत आणि एका कुटुंबाच्या हातांनी जगणारीही नाहीत. अशी बाग देवालयाच्या, मठाच्या किंवा गावाच्या आधारानेच उभी राहते. तिची फुले देवाला, फळे येणाऱ्याजाणाऱ्याला, सावली सर्वांना. अरणच्या सावता माळ्यांनी तेराव्या शतकात आपल्या मळ्यातच पंढरी पाहिली होती. मातीतील काम आणि मनाची शांती यांचा संबंध मराठी संतपरंपरेला नवा नव्हता.

५/
जालना शहराचा अनुभव वेगळा होता. जमशेदखान या अंमलदाराने शहराच्या पश्चिमेला मोती तलाव बांधला आणि जमिनीखालून नळ टाकून पाणी शहरात खेळवले, अशी नोंद गॅझेटियरमध्ये आढळते. तलावामुळे विहिरींना पाणी राहिले, आणि जिथे विहिरीला पाणी तिथे बाग, हा दख्खनचा साधा नियम. तलावाजवळची मोतीबाग आजही जालनेकरांच्या फिरण्याची जागा आहे. इतिहासात बांधणाऱ्या अंमलदाराचे नाव उरले. माती वाहणाऱ्यांची नावे उरली नाहीत.

६/
ती माती कोणी वाहिली, या प्रश्नापाशी 'वेठ' हा शब्द येतो. सरकारी काम, अंमलदाराचे सामान, वाड्याची दुरुस्ती, पाटलाचे शेत, अशा कामांसाठी गावातील ठरावीक लोकांना बोलावले जाई. नकार देण्याची सोय नसे. मोबदला नसे, आणि असलाच तर तो देणाऱ्याच्या मर्जीवर असे. मराठीत आजही मन न लावता उरकलेल्या कामाला 'वेठ वळली' म्हणतात. लादलेल्या श्रमाने माणसाच्या मनाचे काय होते, याची साक्ष या एका वाक्प्रचाराने जपून ठेवली आहे.

७/
वेठीचा सर्वांत मोठा भार वतनदार म्हणवल्या जाणाऱ्या अस्पृश्य जातींवर पडला. नावाला वतन, प्रत्यक्षात आठही प्रहर बांधिलकी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले, ते या बांधिलकीतून सुटका व्हावी म्हणून. १९५० मध्ये अमलात आलेल्या राज्यघटनेच्या २३व्या अनुच्छेदाने वेठबिगारीला बंदी घातली. 'स्वयंसेवा' या शब्दातील 'स्वयं' हा किती झगडून मिळवलेला आहे, हे यावरून कळावे.

८/
याच समाजात श्रमाचा दुसराही एक प्रकार नांदत होता. तो म्हणजे 'सावड'. एका शेतकऱ्याकडे एक बैल, दुसऱ्याकडे एक. दोघांनी मिळून जोडी करायची, आज याचे शेत, उद्या त्याचे. माणसांच्या कामाचीही अशीच फेड असे. पैशाचा व्यवहार नाही, कागद नाही, पण हिशेब पक्का. आज मदतीला आलेल्याच्या शेतावर उद्या गेले नाही, तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नसे. सावड ही उपकाराची गोष्ट नव्हती. ती बरोबरीच्या माणसांची परस्परांशी असलेली बांधिलकी होती.

९/
सावडीहून अधिक रंगतदार होते 'इर्जिक'. एखाद्याचे काम अडले, घरात आजारपण आले, बैल मेला, की गावचे शेतकरी आपापले नांगर घेऊन एकाच दिवशी त्याच्या शेतात उतरत. मालक मजुरी देत नसे, पोटभर जेवण घाली. कामाच्या लयीत भलरीची गाणी चालत. जुन्नर-आंबेगावच्या डोंगराळ भागातील आदिवासी गटाने भातखाचरे बांधतात, त्याला 'पडकई' म्हणतात. नावे वेगळी, तत्त्व एकच : एकट्याला न पेलणारे काम दहा जणांत सण होऊन जाते.

१०/
इर्जिकीला येणारा माणूस दोन गोष्टी घरी नेत असे. एक म्हणजे जेवण. दुसरी म्हणजे आपल्यावर वेळ आली तर हे दहा नांगर आपल्याही शेतात उतरतील, हा विश्वास. कोरडवाहू मुलखात विम्याचे काम या विश्वासाने केले. त्या काळी 'मानसिक आरोग्य' हा शब्द कोणी वापरत नव्हते. परंतु संकटात आपण एकटे नाही, ही खात्री जिथे असते तिथे मनाला मोठा आधार असतो, हे सांगायला शास्त्राची गरज पडत नसे.

११/
अर्थात इर्जिकीच्या पंगतीतही जात होती. नांगर ज्याचा, त्यालाच सावडीत स्थान. ज्याच्याकडे जमीन नाही, बैल नाही, तो या बरोबरीच्या वर्तुळाबाहेर राही. गावाच्या एकोप्याचे गोडवे गाताना ही मर्यादा झाकली जाते, ती झाकू नये. एकाच गावात एका घराला सामुदायिक श्रम म्हणजे सण वाटे, आणि वेशीबाहेरच्या घराला तोच शब्द वेठीसारखा ऐकू येई. पुढे 'श्रमदान' आले, तेव्हा त्याला हे दोन्ही वारसे एकदम मिळाले.

१२/
स्वातंत्र्यानंतर श्रमदान हा राष्ट्रीय शब्द झाला. विनोबांच्या भूदानाने 'दान' या शब्दाला नवे वजन दिले. तुकडोजी महाराजांनी 'ग्रामगीते'तून गावाच्या उन्नतीचा मार्ग श्रमात दाखवला. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला. रस्ते, विहिरी, शाळा, तलाव यांसाठी गावोगाव श्रमदानाची शिबिरे भरली. पुढारी पहिले घमेले उचलत, छायाचित्र निघे, आणि पाहुण्यांची मोटार निघून गेली की उरलेली घमेली कोण उचलतो, हे पाहायला सहसा कोणी थांबत नसे.

१३/
एक संशोधक थांबला. समाजशास्त्रज्ञ श्यामाचरण दुबे यांनी आधी हैदराबादजवळच्या शमीरपेठ गावाचा अभ्यास केला होता. पुढे उत्तर प्रदेशातील विकास कार्यक्रमाचा अभ्यास करून १९५८ साली त्यांनी 'इंडियाज चेंजिंग व्हिलेजेस' हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांचे निरीक्षण बोचरे होते. श्रमदानात सधन मंडळी देखरेख करीत, प्रत्यक्ष अंगमेहनत गरिबांच्या वाट्याला येई, आणि तयार झालेल्या रस्त्याचा अधिक लाभ पुन्हा सधनांनाच मिळे. दानाच्या नावाने वेठ परतली होती.

१४/
याच दशकात विदर्भात एक वेगळा प्रयोग आकार घेत होता. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळच्या खडकाळ, झुडपांनी भरलेल्या जमिनीवर आनंदवन वसवले. १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सुरुवातीला सोबत होते केवळ सहा कुष्ठरुग्ण. समाजाने टाकलेल्या, बोटे झडलेल्या या माणसांनी विहीर खणली, जमीन साफ केली आणि भाजीपाला पिकवला. दया नको, काम हवे, ही बाबांची भूमिका होती.

१५/
भाजी भरघोस आली. परंतु कुष्ठरुग्णांच्या हातची म्हणून वरोऱ्याचे लोक ती घ्यायला तयार नव्हते. पुढे 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' या संस्थेचे अनेक देशांतील तरुण आनंदवनात राहून बांधकामाला लागले. ते तिथेच जेवत, तिथलीच भाजी खात. ते पाहून गावाची भीती ओसरू लागली. मळ्याने इथे दोन आजारांवर उपाय केला : रुग्णाच्या मनातील निरुपयोगीपणाची भावना आणि निरोग्यांच्या मनातील भय. दुसरा आजार अधिक चिवट होता.

१६/
आता पुन्हा मराठवाड्याकडे. १९७२ चा दुष्काळ इथल्या स्मृतीत अजून जिता आहे. विहिरी आटल्या, गुरे दावणीला मेली, माणसे खडी फोडायला निघाली. मिलो आणि सुकडी हे शब्द त्या पिढीच्या जिभेवर आजही चवीसकट आहेत. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या आसपास पोहोचली होती. पाझर तलाव, रस्ते, बांधबंदिस्ती अशी कामे निघाली. ज्यांनी आयुष्यात दुसऱ्याच्या बांधावर पाऊल ठेवले नव्हते, असे शेतकरी रांगेत उभे राहिले.

१७/
या दुष्काळातून रोजगार हमी योजना भक्कम झाली. तिचे शिल्पकार वि. स. पागे. १९७७ साली विधिमंडळाने कायदा संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, हा हक्क झाला. वेठीत नकार नव्हता, इथे मागण्याचा अधिकार होता. हा फरक फार मोठा आहे. या मजुरीने लाखो घरांत चूल पेटती ठेवली. मात्र फोडलेली खडी कोणत्या रस्त्यावर पडणार आणि खणलेला तलाव कोणाची विहीर भरणार, हे ठरवण्यात खणणाऱ्याला सहसा वाटा नव्हता.

१८/
१९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली आणि महाराष्ट्राच्या कोरडवाहू भागाचे रूप पालटू लागले. जालन्यात मोसंबी रुजली. अंबड, घनसावंगी, जालना या पट्ट्यात तिच्या बागा पसरल्या. पुढे जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकनही मिळाले. झाडे वाढली, पण जमिनीखालचे पाणी वाढले नाही. प्रत्येक जण स्वतंत्र बोअर घेऊन एकाच भूगर्भातून उपसा करत होता. बाग खासगी, उपसा खासगी, आणि तूट मात्र सर्वांची सामाईक.

१९/
हे गणित उलटे मांडण्याचा प्रयत्न जालन्यातील मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने केला. विजयअण्णा बोराडे हे या संस्थेचे प्रमुख प्रेरक. ऐंशीच्या दशकात औरंगाबाद जिल्ह्यातील आडगाव येथे संस्थेने पाणलोट विकासाचा प्रयोग केला. खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र याच संस्थेचे. तिथे दर महिन्याच्या ५ तारखेला भरणारी शेतकऱ्यांची चर्चा मराठवाड्यात परिचित आहे. आधी बोलायचे, एकमेकांचे ऐकायचे, मग कुदळ उचलायची, असा क्रम या कामाने घालून दिला.

२०/
नव्वदच्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आला. त्यामागे हर्मन बाखर हे स्विस जेझुइट धर्मगुरू होते. त्यांनी भारतातील ग्रामीण कामासाठी आयुष्य वेचले. जर्मन निधी नाबार्डमार्फत गावांपर्यंत येई. परंतु निधी मिळण्यापूर्वी गावाने एक परीक्षा द्यायची होती : चार दिवसांचे श्रमदान. घरटी माणूस बाहेर पडला पाहिजे. याखेरीज चराईबंदी, कुऱ्हाडबंदी यांसारखे नियमही गावाने स्वतः स्वीकारायचे होते. राळेगणसिद्धीने रूढ केलेली पंचसूत्री यामागे स्पष्ट दिसते.

२१/
चार दिवसांत फार मोठे काम होत नाही, हे योजनाकारांना ठाऊक होते. त्या अटीचा हेतू वेगळा होता. वर्षानुवर्षे बांधावरून भांडणारे दोन भाऊबंद एकाच चरात उभे राहतात का? सरपंचाच्या घरचा माणूस येतो का? दलित वस्तीला बोलावणे केवळ कामाला आहे की बैठकीलाही? या प्रश्नांची उत्तरे चार दिवसांत मिळत. जी गावे या परीक्षेत अडखळत, तिथे पैसा ओतूनही चर टिकला नसता. दुबे यांनी दाखवलेल्या रोगावर ही एक तपासणी होती.

२२/
जालना तालुक्यातील कडवंची या कार्यक्रमात उतरले. १९९६ ते २००२ या काळात अठराशे हेक्टरांहून अधिक पाणलोट क्षेत्रावर माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम झाले. माथ्यावर सलग समतल चर, उतारावर बांधबंदिस्ती, नाल्यांवर बंधारे. धावणारे पाणी चालते करायचे, चालणारे थांबवायचे, थांबलेले जिरवायचे, अशी ही रीत. माथा कोणा एकाचा नसतो. तिथे खणलेल्या चराचे पाणी खालच्या कोणाच्या विहिरीत उतरेल, हे आधी सांगता येत नाही. म्हणूनच ते काम सर्वांनी मिळून करावे लागते.

२३/
पाणी मुरले, विहिरींची पातळी सुधारली, आणि ज्वारी-कापसाच्या या गावात द्राक्षे आली. शेकडो शेततळी झाली. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना हा राज्यातील सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. मोसंबीच्या बागा टँकरने जगवण्याची धडपड चालली होती. अनेकांनी डोळ्यांदेखत वाळलेली झाडे स्वतःच्या हाताने तोडली. त्या वर्षी कडवंचीच्या द्राक्षबागा हिरव्या राहिल्या. पंधरा वर्षांपूर्वी मिळून खणलेल्या चरांचे हे फळ होते.

२४/
मराठवाड्यात या घटनेचे मोल केवळ उत्पन्नात मोजता येत नाही. बाग जळते तेव्हा दहा वर्षांचे कर्ज आणि दहा वर्षांची आशा एकदम जळते. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांनी या प्रदेशाला कितीदा हादरवले आहे. मंठा-परतूरपासून अंबडपर्यंत अनेक कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात, मुलांच्या शाळा सुटतात, म्हातारी माणसे मागे एकटी राहतात. गावात पाणी टिकणे म्हणजे घरात माणूस टिकणे. मनःस्वास्थ्याचा पहिला पाया हाच.

२५/
आता शास्त्र काय सांगते ते पाहू. १८१२ साली अमेरिकेतील वैद्य बेंजामिन रश यांनी नोंदवले होते की, मनोरुग्णालयाच्या आवारात लाकूड तोडणे, बागेत खणणे अशी कामे करणारे रुग्ण अनेकदा बरे होतात. दोनशे वर्षांनी, २०११ मध्ये, नेदरलँड्समधील संशोधकांनी ३० जणांना आधी ताण देणारे काम दिले. मग काहींना अर्धा तास बागकाम, तर काहींना अर्धा तास वाचन करू दिले. कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक दोन्ही गटांत घटले, बागकाम करणाऱ्यांत अधिक. त्यांची मनःस्थितीही पूर्ववत झाली.

२६/
अमेरिकेतील डेन्व्हर शहरात २९१ जणांवर झालेला प्रयोग २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे लोकांचे दोन गट केले. एकाला सामुदायिक बागेत वाफा मिळाला, दुसऱ्याला वाट पाहावी लागली. वाफा मिळालेल्यांच्या आहारात तंतुमय पदार्थ वाढले, शारीरिक हालचाल वाढली, ताण आणि चिंता कमी झाली. निष्कर्ष आश्वासक आहेत. मात्र हे सारे स्वेच्छेने आलेले लोक होते. खडी फोडणाऱ्या बाईला हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू करणे ही थट्टा ठरेल.

२७/
मग नेमका फरक कशाने पडतो? एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मते माणसाच्या मनाला तीन गोष्टी लागतात : निवड आपली असणे, आपल्या हातून काही साधते आहे हे दिसणे, आणि सोबत आपली माणसे असणे. वेठीत यांपैकी एकही नाही. दुष्काळी कामावर सोबत होती, हक्काची मजुरी होती, पण फळ दिसत नव्हते. इर्जिकीत तिन्ही होते, मात्र नांगर असलेल्यांपुरते. श्रमदानात तिन्ही असू शकतात, आणि एकही नसू शकते. ते कोण बोलावतो आणि पाणी कोणाला मिळते, यावर अवलंबून आहे.

२८/
म्हणूनच यशाच्या कथेलाही प्रश्न विचारावे लागतात. चराईबंदीने माळ हिरवा होतो, पण मेंढपाळाची वाट बंद होते. भूमिहीनाने चर खणला, तरी वाढलेले पाणी ज्याची विहीर त्याचे. सामाईक श्रमाने मुरवलेले पाणी उपसून प्लॅस्टिकच्या खासगी शेततळ्यात साठवले, तर ते पुन्हा सामाईक राहत नाही. चर खणताना गाव एकत्र येते. खरी कसोटी पाणी आल्यानंतर लागते, कारण टंचाई माणसांना जवळ आणते आणि सुबत्ता कुंपणे घालते.

२९/
शहरालाही हा धडा लागू आहे. जालना शहराला निजामकाळापासून पाणी पुरवणारा घाणेवाडी जलाशय गाळाने भरत गेला, तेव्हा नागरिकांनी वर्गणी जमवून गाळ काढण्याचे काम हाती घेतले. काढलेला गाळ शेतात गेला, जलाशयात पाण्याला जागा झाली. जमशेदखानाच्या काळी तलाव बांधणारा एक आणि राबणारे अनेक होते. आता वर्गणी देणारेही अनेक, आणि त्या पाण्यावर अवलंबून असणारेही तेच. शतकांच्या अंतराने झालेला हा बदल छोटा नाही.

३०/
शाळेची परसबाग, वस्तीतला मोकळा भूखंड, मंदिरामागची फुलबाग, स्मशानभूमीतील वृक्षलागवड : आज कुठेही असे काम सुरू करणाऱ्यांना जालन्याच्या इतिहासातून तीन प्रश्न घेता येतील. येणारा माणूस 'नाही' म्हणू शकतो का? त्याने लावलेले झाड त्याला पुढच्या वर्षी पाहायला मिळते का? आणि सावलीत बसायला त्यालाही जागा आहे का? तिन्हींचे उत्तर 'हो' असेल, तर त्या कामाने शरीर दमेल आणि मन हलके होईल. एकाचेही उत्तर 'नाही' असेल, तर ती वेठ आहे, मग तिला नाव कोणतेही द्या.

(समाप्त)

#जालना #मराठवाडा #श्रमदान #पाणलोट #इतिहास